पहिल्या दिवसाचे मार्क

माझी मुलगी म्हणते, "आई, यू स्पेंट फोर्टीन इयर्स इन दुबई बीइंग जेलस ऑफ सूसी आंटी." चौदा नाही, बारा. पहिली दोन वर्षं सूसी आमच्या विभागात आलेलीच नव्हती. बाकी मुलीचं म्हणणं खोडून काढावं असं माझ्याजवळ काही नाही.

संपादकांनी 'दुबईतल्या दिवसांवर लिहा' म्हटलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सोन्याची दुकानं आणि वाळवंटातली सहल असणार. त्यातलं मी फारसं पाहिलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिरजेहून तिकडे गेले, एका सरकारी रुग्णालयात लागले आणि तिथेच निवृत्त झाले. घर अल कुसैसला, मुलीची शाळा ऊद मेथाला. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष रुग्णालयाचा नाही, माझा आहे.

फिजिओ म्हटलं की आपल्याकडे लोकांना गुडघ्याचा शेक आठवतो. आमच्या विभागात मणक्याला किंवा मेंदूला मार बसलेली माणसं येत. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू एकदा तुटला की जोडता येत नाही. शस्त्रक्रिया होते, जीव वाचतो आणि मग कमरेखालचं काहीच न कळणारा एक धडधाकट माणूस आमच्या ताब्यात येतो. त्याला दोन हातांच्या जोरावर पलंगावरून खुर्चीत यायला शिकवायचं. दर वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायला शिकवायचं, नाहीतर बसल्या जागी कातडीला जखम होते आणि त्या जखमेनंच माणूस जातो. लघवीची नळी स्वतःची स्वतः घालायची, पडल्या पडल्या विजार चढवायची. ज्याला हे सगळं आलं तो घरी जाऊन माणसासारखा जगतो. ज्याला नाही आलं त्याला दुसऱ्याने उचलायचं, जन्मभर.

हे शिकायला महिने लागतात, आणि तिथे ते सरकारी पैशातून होत असे. तिथल्या नागरिकांचा प्रश्नच नव्हता. त्यांना लागेल तितके दिवस ठेवत, गरज पडली तर जर्मनीला पाठवत, सोबतीला भाऊ, भावाच्या सोबतीला मित्र. पण परदेशी कामगारांसाठीही आमच्याकडे आठ खाटा होत्या, हे मुद्दाम सांगते. मिरजेला असताना मी असे पेशंट पंधरा दिवसांत घरी जाताना पाहिले होते, पुढचं त्यांचं काय झालं हे कुणीही न विचारता. त्या आठ खाटा पाहून मला त्या सरकारचाही हेवा वाटला होता. हेवा करण्याच्या बाबतीत मी तशी उदारच.

आठ खाटा आणि बाहेर रांग. म्हणून एक समिती होती. ती कामगार पेशंटला आधी सहा आठवडे देई. ते संपले की पुढचे सहा द्यायचे की नाही, हे ठरवी. ठरवायचं कशावरून, तर आमच्या मार्कांवरून. एक मोठं पत्रक असे. जेवण, दात घासणं, सदरा घालणं, पलंगावरून खुर्चीत येणं, अशा कामांपुढे एक ते सात असे मार्क द्यायचे. सात म्हणजे सगळं आपलं आपण, एक म्हणजे सगळं दुसऱ्याने. हे पत्रक आल्यावर एकदा भरायचं आणि सहाव्या आठवड्यात परत एकदा. समिती दोन्ही कागद शेजारी ठेवी. दोन्हींत चांगला फरक पडला असेल तर पुढचे सहा आठवडे. नसेल पडला तर खलास, कंपनीने तिकीट काढायचं.

माझ्या पेशंटना 'खलास' फार येई. सूसीच्या पेशंटना येत नसे.

सूसी कुरियन कोट्टायमची. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, केसांना खोबरेल तेल. तिला सगळे 'सूसीचेची' म्हणत. चेची म्हणजे ताई. पठाण ड्रायव्हर म्हणत, फिलिपिनो नर्स म्हणत, सफाईवाले बंगाली म्हणत. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, हाताखालून जास्त पेशंट काढलेली, तरी मी सगळ्यांची 'मॅडम'च राहिले. तिला अरबी बोलता येई. मला वाटे, तिच्या मंजुऱ्यांचं गुपित त्यातच आहे. मग कळलं की समितीच्या पॅलेस्टिनी चिटणिसाला ती केळ्याचे वेफर्स देते. त्या दिवाळीला मी दोन किलो पातळ पोह्यांचा चिवडा केला.

"पोह्यांचं पाकीट सात दिरहम, म्हणजे ऐंशी रुपये," आमचे हे म्हणाले, "आणि तू तो कचेरीत वाटणार?"

"वाटणार नाही. एकालाच देणार आहे."

चिटणीस साहेबांनी चिवडा डबा उघडल्या उघडल्या खायला घेतला. "मदाम, धिस इज व्हेरी गुड," असं तीनदा म्हणाले. त्याच आठवड्यात माझ्या दोन पेशंटच्या मुदतवाढीचे अर्ज नामंजूर होऊन परत आले. डबाही परत आला, धुऊन.

त्या दोनांतला एक लाहोरचा टॅक्सीवाला होता, बशीरभाई. मेंदूला मार. बोलायला अगदी अदबशीर, 'मॅडम, आप बैठिए, मैं खड़ा ठीक हूँ' म्हणणारा. पण सदरा हातात दिला की तो पायांत घालू लागे. मेंदूच्या माराचं असंच असतं. माणूस अख्खा समोर उभा दिसतो आणि आतली एखादीच शिडी हललेली असते. मी बशीरभाईंवर जीव तोडून मेहनत घेतली. पहिली चाचणी घ्यायच्या आधी तीन दिवस मी त्यांची सदऱ्याची तयारी करून घेत होते. कॉलरला लाल धागा बांधला, 'लाल वरती, बशीरभाई' म्हणून घोकून घेतलं. चाचणीच्या सकाळी त्यांनी सदरा बरोबर घातला. मला इतका आनंद झाला की मी पाच मार्क दिले. सहा आठवड्यांनी ते त्याच पाचावर होते.

इथे वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला साडेतीन वर्षं लागली.

आमचं घरच तसं. माझे वडील शिक्षक होते, मी चौथी-सातवी दोन्ही स्कॉलरशिप मिळवलेली. चाचणी म्हटली की तयारी, आणि पेपर सकाळी, पोटात गरम चहा घेऊन. पेशंट वॉर्डातून आमच्याकडे आला की मी त्याला तीन दिवस रुळू द्यायची, झोप नीट लागते का बघायची आणि चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला, त्याच्या सगळ्यात चांगल्या तासाला, पत्रक भरायची. माझ्या पेशंटचे पहिले मार्क अख्ख्या विभागात सगळ्यांत जास्त असत. मला त्याचा अभिमान होता! कारण पुढे कितीही शिकवलं तरी फरक थोडाच दिसणार, हे गणित माझ्या डोक्यात आलंच नाही.

सूसी पत्रक पहिल्याच दिवशी भरी. पेशंट दुपारी यायचा, स्ट्रेचरवरून हलवल्याने गळून गेलेला, नळी नुकतीच बदललेली. सूसी त्याच्या उशाशी बसून विचारी, "खाना कौन खिलाता है? कपड़ा कौन पहनाता है?" तो म्हणे, नर्स. ती लिही, एक. त्यात खोटं काही नव्हतं. त्या दिवशी तो खरंच तसा होता.

हे मला कळलं ते एका वाईट दिवशी. सरकारी पैशातून एका स्थानिक मुलाला मणक्याच्या उपचारांसाठी जर्मनीला पाठवणार होते. सोबत आमच्या विभागातला एक थेरपिस्ट जाणार होता, शिकायला, दोन महिने. ज्येष्ठतेने मीच जाणार असं मी धरून चालले होते. घरी सांगूनही टाकलं होतं, नणंदेचा लोकरी कोट पार्सलने मागवला होता. आमचे विभागप्रमुख डॉक्टर उस्मान, सुदानी गृहस्थ, मृदू बोलणारे. त्यांनी सगळ्यांच्या पेशंटच्या प्रगतीचा तक्ता काढला आणि सूसीला पाठवलं.

सूसी परत आली ती फोटोंचं पाकीट घेऊन. एका फोटोत ती बर्फात उभी, डोक्यावर कानटोपी. दुसऱ्यात पाण्याचा हौद आणि त्यात पेशंटला खाली सोडणारी खुर्ची.

"मॅडम, उधर पेशंट पानी में चलता है," ती म्हणाली. "मैं तो देखके रोया. अपना बशीरभाई को उधर लेके जाना था."

माझा बशीरभाई, आणि म्हणते अपना! अंगाचा तिळपापड झाला. फोटो बघता बघता मी तिच्या टेबलावरची पत्रकं चाळली, आणि प्रत्येकावर पहिल्या चाचणीची वेळ वाचली. दुपारी चार. दुपारी साडेतीन. दुपारी चार.

घरी येऊन मी हे तावातावाने सांगितलं, सूसी लबाड आहे म्हणून. आमचे हे म्हणाले, "मग तूही चारला घे." मुलगी वहीतून मान न काढता म्हणाली, "आई, यू आर जस्ट जेलस." मी तिला दूध प्यायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर उस्मानांकडे गेले. तक्रार असा शब्द वापरला नाही. चाचणीच्या पद्धतीत सारखेपणा नाही, असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळ्यांवरचा चष्मा पुसला आणि म्हणाले, "यू आर राइट, मदाम सुनंदा. फ्रॉम सॅटर्डे, सूसीच्या पेशंटची चाचणी तुम्ही घ्या, तुमच्या पेशंटची सूसी घेईल. यल्ला." यल्ला म्हणजे चला, निघा.

शनिवारी आमचा आठवडा सुरू होई. त्या शनिवारी सूसीने माझ्या नव्या पेशंटची पहिली चाचणी घेतली, तिच्या पद्धतीने, दुपारी. सहा आठवड्यांनी त्याला मुदतवाढ मिळाली. त्याच्या पुढच्यालाही मिळाली. म्हणजे माझ्या तक्रारीचा फायदा माझ्या पेशंटना झाला, आणि तो सूसीच्या हातून. असल्या उपकारासारखं जळजळीत दुसरं काही नसतं.

आणि त्याच महिन्यात दत्ताराम आला.

तिशीच्या आतबाहेरचा, रत्नागिरी जिल्ह्यातला, परांचीवर काम करणारा. परांची म्हणजे इमारतीभोवतीचा तो पाइपांचा सांगाडा. राहायला मुहैस्नाहच्या कॅम्पात, एका खोलीत बारा जण. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडला, बेंबीच्या जरा वर कणा मोडला. हात शाबूत, खांदे भक्कम. घरी बायको मंदा आणि दोन वर्षांची मुलगी. धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा 'चांगला' पेशंट. बारा आठवडे मिळाले तर आपला आपण खुर्चीत येणार आणि घरच्यांना उचलायला न लावता जगणार. सहाच मिळाले तर नाही. इतकं ते सरळ होतं, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

विभागात मराठी माणूस वर्षा-दोन वर्षांनी एखादा येई. मला वाटलं हा माझ्याकडे येणार. यादीत नाव लागलं ते सूसीकडे. आठ दिवसांत त्याच्या तोंडी 'चेची' बसलं. कॉरिडॉरमधून जाताना ऐकू येई, तोडक्यामोडक्या हिंदीत दोघांचं हसणं चाललेलं. मी एकदा मराठीत विचारलं, "काय रे, बरं आहे का?" तर म्हणाला, "व्हय ताई. चेची हाय ना."

त्याची पहिली चाचणी माझ्याकडे होती. तो आला त्याच दिवशी दुपारी चारला सूसी येऊन म्हणाली, "मॅडम, आज ले लो ना. अभी आया है, थका हुआ है, अभी जैसा है वैसा लिखो." तिला काही लपवायचं नव्हतं. तिने मला तिची पद्धत सरळ सांगून टाकली.

मी म्हटलं, "आज टाइम नहीं है." टाइम होता. मी माझ्या जागेवर बसून चहा प्यायले.

चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी गेले. आदल्या दिवशी त्याला घरचा शिरा नेऊन दिला होता. त्याला त्याच्या गावचं विचारलं, मुलीचं नाव विचारलं. तो खुलला. मग एकेक काम करून घेतलं. जेवण, केस, सदरा, सगळं झालं. शेवटी पलंगावरून खुर्ची. हे त्याला अजून कुणी शिकवलंही नव्हतं. सूसीने फक्त एकदा करून दाखवलं होतं. मी खुर्ची पलंगाला लावली आणि म्हटलं, "कर बघू, दत्ताराम. मराठी माणसाचं नाव काढ."

त्याने माझ्याकडे बघितलं, दोन्ही मुठी गादीत रोवल्या आणि अंग उचललं. कोपरं लटपटत होती, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मधल्या फटीवरून त्याचं धड गेलं कसं, मला समजलं नाही. तो खुर्चीत आपटला, तिरका, पण खुर्चीतच. घामाने भिजलेला. आणि माझ्याकडे बघून असा हसला की विचारू नका.

"जमला बगा, ताई!"

आमच्या पत्रकाच्या मागेच नियम छापलेला असे, माणूस रोज जे करतो ते लिहायचं, एकदा काय केलं ते नाही. मला तो तोंडपाठ होता. मी त्या रकान्यात सहा लिहिले. खुर्ची वापरणाऱ्याला त्याहून जास्त मार्क नसतातच. म्हणजे पूर्ण मार्क. लिहिताना माझ्या मनात काय होतं हेही सांगते. सूसीचा तक्ता होता. पुढच्या वर्षी परत कुणीतरी जर्मनीला जाणार होतं.

त्यानंतर त्याला एकट्याने जमलंच नाही. खांदा दुखावला होता, त्याच झटक्यात की काय कोण जाणे. सूसी रोज तासभर त्याच्यामागे. पलंग आणि खुर्चीच्या मधे सरकायचा पाट लावून, कमरेला धरायचा पट्टा लावून, शब्दाशब्दाने. पाचव्या आठवड्यात तो नुसत्या हाताच्या आधाराने येऊ लागला होता. आणखी महिनाभराचं काम. सहाव्या आठवड्याची चाचणीही मीच घेतली आणि ती अगदी प्रामाणिकपणे घेतली. आधार लागतो, चार मार्क. समितीपुढे जे दोन कागद गेले त्यांत पहिल्या चाचणीत सहा आणि सहाव्या आठवड्यात चार. बाकीच्या कामांतही फरक नावापुरता. उत्तर तीन दिवसांत आलं. प्रगती नाही.

सूसीने फेरविचाराचा अर्ज लिहिला, अरबीत, दोन पानी. तो चिटणिसाकडे देऊन आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"मॅडम, वो पहला दिन का छह... उसने सच में किया था?"

"किया था," मी म्हटलं. "मेरे सामने किया."

तिने मान डोलावली. "तो ठीक है. आपने देखा है तो ठीक है."

ती गेल्यावर मी उठले. डॉक्टर उस्मानांच्या खोलीपर्यंत गेले. एक वाक्य बोलायचं होतं, 'पहिली चाचणी मी चुकीची भरली, ती रद्द करा.' त्यांनी केली असती. रागावलेही नसते बहुधा. दाराच्या काचेतून ते दिसत होते, फोनवर कुणाशी तरी बोलत होते. मी थांबले. आणि थांबले तेवढ्यात मला आठवलं की चाचण्यांच्या सारखेपणाचा मुद्दा घेऊन याच दारातून मीच आत गेले होते. आता कुठल्या तोंडाने सांगू? ते फोन ठेवेपर्यंत मी परत माझ्या जागेवर होते. अर्ज नामंजूर झाला. खाट रिकामी करायची तारीख लागली.

दत्तारामला मुंबईच्या विमानात तीन सीटांवर आडवा नेला. निघताना सूसी त्याच्या पट्ट्या तपासत होती, नळ्यांचा डबा बांधून देत होती. त्याने मला हाक मारली. म्हणाला, "ताई, तुमी होता म्हणून पहिल्याच परीक्षेत पास झालो. घरी सांगीन." मी "सांभाळून जा" म्हटलं.

पुढच्या वर्षी जर्मनीला मी गेले. हौद पाहिला, खाली सोडणारी खुर्ची पाहिली. फोटो काढले नाहीत.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. कामगारांसाठीचे नियम बदलत गेले, समिती गेली, दुसरी आली. मी पत्रकं दुपारी चारला भरू लागले. सूसीशी माझं बरं होतं, म्हणजे ती माझ्याशी बरी होती. निवृत्त होऊन आम्ही परत आलो, आणि पहिल्याच हिवाळ्यात मी दत्तारामचा पत्ता शोधून काढला. गाव सांगत नाही. मनाशी ठरवलं होतं की जायचं, खरं काय ते सांगायचं, माफी मागायची आणि आठ दिवस राहून त्याला पलंगावरून खुर्चीत यायला शिकवायचं. सामानात पाट घेतला होता, पट्टाही घेतला होता.

जांभ्याचं घर, अर्धं बांधून राहिलेलं. पडवीत टेबल मांडून दत्ताराम एक मिक्सर खोलून बसला होता, चाकाच्या खुर्चीत. केस पिकले होते. "ताई!" म्हणून ओरडलाच. मंदाने पाणी आणलं, चहा टाकला. लेक शाळेत गेली होती.

मंदाच सांगत होती. पहिली तीन वर्षं तिने आणि दिराने त्याला उचललं, सकाळ-संध्याकाळ. तिची कंबर गेली. मग त्याच्या पाठीला जखम झाली, चार महिने पालथा होता, रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी मान खाली घालून ऐकत होते. त्या तीन वर्षांचा हिशेब माझ्या नावावर होता आणि चहा माझ्याच हातात देत होते.

"मंग चेची आली," मंदा म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"सूसीचेची," दत्ताराम म्हणाला. "गावाला जायची ना केरळात, तर रेल्वेनं रत्नागिरीला उतरली. चार दिवस ऱ्हायली हितं, मंदाच्या बाजूला झोपायची. दुसऱ्या वर्षी परत आली. तिनं शिकवला मला. बगा."

त्याने खुर्ची पडवीतल्या कॉटला लावली, ब्रेक ओढला, एक मूठ गादीत, एक खुर्चीच्या दांडीवर. अंग पुढे झुकवलं, उचललं आणि सावकाश कॉटवर नेऊन ठेवलं. कोपरं लटपटली नाहीत. इतकं स्वच्छ काम मी माझ्या चौदा वर्षांत कुठल्या पेशंटकडून करून घेतलं नव्हतं. आणि खरं सांगते, माफी मागायला गेलेली मी, त्या पडवीत बसून माझ्या मनात पहिल्यांदा काय उठलं असेल तर तोच जुना जळफळाट. इथेही ती माझ्याआधी येऊन गेली होती. माझा पाट पिशवीतच राहिला.

"कसं जमलं रे?" मी विचारलं. "खांदा दुखायचा ना तुझा?"

"पहिल्या खेपेला जमत नव्हता. मी बोललो चेचीला, नाय व्हायचा माझ्यानं. तर ती बोलली, होणार. तू पहले दिन किया है. सुनंदा मॅडम ने लिखा है, पूरा मार्क. मैं गलत लिखेगी, मॅडम कभी गलत नहीं लिखती." तो हसला. "रोज ह्येच सांगायची. मंग मीबी तोच दिवस आठवायचो, ताई. तुमी समोर हुबा हायसा, आनि मी करतोय."

मी चहाचा कप खाली ठेवला. सांगायचं ते जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तो परत खुर्चीत यायला निघाला, मूठ गादीत रोवून, माझ्याकडे बघत, आणि मी म्हटलं, "कर बघू."

त्याचं नाव मी इथे बदललं आहे, मंदाचंही. हा अंक त्यांच्या हाती पडला तरी पानं चाळताना नावावरून त्याला ओळख पटू नये, आणि त्याच्या हातांतला जोर तसाच राहावा. सूसीचं नाव तेवढं बदललेलं नाही. तिला मराठी वाचता येत नाही. तिकडे कोट्टायमला एखादा मराठी माणूस असेल, तर त्याने तिला हे सगळं वाचून दाखवावं, दुपारी चारला मी चहा पीत बसले होते तिथपासून.